लॅटस रेक्टम : ही ‘बाजू’ नेमकी कुणाची?

कोटिभुज

शांकवांच्या, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांच्या, धड्यात नाभिलंबाची व्याख्या एका ओळीत उरकलेली असते : नाभीतून (वक्राच्या आतल्या एका ठरावीक बिंदूतून) जाणारी आणि अक्षाला लंब असलेली जीवा. लांबी अन्वस्तासाठी (पॅराबोला) ४अ, विवृत्त (एलिप्स) आणि अपास्तासाठी (हायपरबोला) २ब²/अ; अन्वस्तात अ म्हणजे शिरोबिंदू ते नाभी अंतर, इतर दोन्हींत अ आणि ब म्हणजे अर्धे अक्ष. गणिते सुटतात, नावाचे कोडे मात्र तसेच राहते. इंग्रजी पुस्तकांत हिला लॅटस रेक्टम म्हणतात. लॅटिनमध्ये लाटुस म्हणजे बाजू, रेक्टुम म्हणजे सरळ किंवा उभी.

बाजू त्रिकोणाला असते, चौकोनाला असते. वक्राला कुठून आली? जीवाच म्हणायची तर लॅटिनात ‘कोर्डा’ होता की. ‘सरळ’ म्हणावे तर प्रत्येक जीवा सरळच असते. ‘आकृतीत उभी दिसते म्हणून’ हे उत्तर सगळीकडे मिळते, पण क्ष² = ४अय मध्ये तीच जीवा आडवी पडते आणि नाव बदलत नाही. मूळ कल्पना काय होती, कुणी उलगडून सांगेल का?

मोजपट्टी

अन्वस्ताचे समीकरण य² = ४अक्ष असे लिहिले, तर शांकवाच्या आकृतीत उभी पसरलेली रेषा आणि मुळातली…

अर्धज्या

मोजपट्टी, तुमचा प्रतिसाद अर्धाच आलाय. आणि एक विनंती : ‘४अक्ष’ असे सलग लिहू नका, वाचणारा ‘चार अक्ष’ वाचतो. गुणाकाराला टिंब द्या, किंवा सरळ नाभिलंबाची लांबी प धरा आणि य² = प·क्ष लिहा. पुढे तेच सोयीचे पडणार आहे.

आता मूळ प्रश्न. बाजू वक्राची नाहीच, ती एका आयताची आहे. आणि तो आयत पाठ्यपुस्तकाच्या आकृतीतून कधीच गायब झालाय.

इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात पेर्गाच्या अपोलोनियसने शांकवांवर आठ भागांचा ग्रंथ रचला. पहिले चार भाग ग्रीकमध्ये टिकले, पाचवा ते सातवा अरबी भाषांतरामुळे वाचले, आठवा हरवला. पहिल्या भागातल्या ११, १२ आणि १३ क्रमांकाच्या प्रमेयांत तो अन्वस्त, अपास्त आणि विवृत्त यांची मूळ लक्षणे देतो. त्याच्यापाशी समीकरण नव्हते. य² म्हणजे त्याच्या लेखी खरोखरचा चौरस, आणि प·क्ष म्हणजे खरोखरचा आयत.

अन्वस्ताबद्दल तो सांगतो ते आपल्या भाषेत असे : वक्रावरच्या कुठल्याही बिंदूपासून अक्षापर्यंत कोटी, म्हणजे लंब रेषा, काढा. त्या कोटीवर उभारलेला चौरस एका आयताएवढा भरतो. आयताची एक बाजू म्हणजे शिरोबिंदूपासून कोटीच्या पायापर्यंतचे अंतर, ते बिंदूगणिक बदलते. दुसरी बाजू ठरलेली, कधीच न बदलणारी. ही ठरलेली बाजू शिरोबिंदूपाशी अक्षाला लंब उभी करायची. म्हणून तिचे ग्रीक नाव ‘ऑर्थिआ’, म्हणजे उभी. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे लाटुस रेक्टुम केले : उभी बाजू.

तेव्हा रेक्टुमचा अर्थ इथे ‘वाकडी नसलेली’ असा नाही, ‘काटकोनात उभी केलेली’ असा आहे. काटकोनाला इंग्रजीत जो राइट अँगल म्हणतात, त्यातला राइट याच अर्थाचा. क्ष² = ४अय मध्ये ती आडवी दिसली तरी अक्षाच्या मानाने उभीच असते.

पायथा

आकडे घालून पाहिले. य² = १२·क्ष. इथे प = १२.

क्ष = १/३ ला आयत १२ × १/३ = ४, म्हणून कोटी २.
क्ष = ३ ला आयत १२ × ३ = ३६, म्हणून कोटी ६.
क्ष = १२ ला आयत १२ × १२, म्हणजे आयताचाच चौरस झाला आणि कोटी १२.

मधली ओळ महत्त्वाची. नाभी (३, ०) वर आहे. तिथे कोटी वर ६ आणि खाली ६, मिळून १२. म्हणजे उभ्या बाजूची लांबी नाभीतून जाणाऱ्या लंब जीवेएवढी भरते. आजची व्याख्या बहुधा इथूनच निघाली असावी. पण मग अपोलोनियस नाभीपासूनच का सुरुवात करत नाही?

अर्धज्या

कारण त्याच्या मांडणीत नाभीचा पाया नाही. विवृत्त आणि अपास्ताच्या नाभी तिसऱ्या भागात येतात, त्याही स्वतंत्र नावाशिवाय. अन्वस्ताच्या नाभीचा तर उपलब्ध सात भागांत उल्लेखच नाही. नाभी आणि नियता (वक्राबाहेरची एक ठरावीक रेषा, डायरेक्ट्रिक्स) यांच्यापासून तिन्ही वक्र मिळतात, हे पुढे ग्रीक गणिती पापूसच्या संग्रहात आढळते. ‘फोकस’ हे नाव केप्लरने १६०४ च्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात दिले. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल.

थोडक्यात, उभी बाजू आधीची आणि नाभीला नाव नंतरचे, मध्ये अठराशे वर्षे. आज आपण क्रम उलटा शिकवतो आणि मग ‘बाजू’ कुठली म्हणून अडतो. ‘नाभिलंब’ हा मराठी शब्द या नंतरच्या व्याख्येवर बेतलेला आहे. वर्णन म्हणून तो चपखल आहे, पण त्यातून आयताचा माग लागत नाही.

कोटिभुज

अन्वस्ताचे पटले. पण विवृत्तात य² = प·क्ष बसत नाही. तिथे आयत कसा जुळवायचा?

अर्धज्या

तिथेच खरी गंमत आहे. आलेखकागद घ्या, १ एकक = १ सेंमी. विवृत्त असे घेऊ : क्ष²/२५ + य²/१६ = १. अ = ५, ब = ४, प = २ × १६ ÷ ५ = ६.४.

बृहदक्ष (विवृत्ताचा लांब अक्ष) दहा सेंमी आडवा काढा. डावे टोक ड, उजवे टोक ज. इथून पुढे अंतरे केंद्रापासून नाही, ड पासून मोजायची. ड पाशी अक्षाला लंब अशी ६.४ सेंमीची रेषा उभी करा, तिचे टोक र. ही झाली उभी बाजू. आता ज आणि र सरळ रेषेने जोडा.

अक्षावर ड पासून २ सेंमीवर बिंदू न घ्या. तिथून लंब उभारा, तो ज-र रेषेला जिथे भेटेल तो स. नस मोजा : ६.४ × ८/१० = ५.१२. आयत डन × नस = २ × ५.१२ = १०.२४. त्याचे वर्गमूळ ३.२. ही त्या जागची कोटी. वर ३.२, खाली ३.२, एकूण ६.४. आणि ड पासून २ सेंमी म्हणजे केंद्रापासून ३, अर्थात नाभीच.

आणखी दोन बिंदू : ५ सेंमीवर नस = ३.२, आयत १६, कोटी ४, बरोबर लघु अक्षाचे टोक. ८ सेंमीवर नस = १.२८, आयत पुन्हा १०.२४, ही दुसरी नाभी.

पूर्ण ६.४ उंचीचा आयत विवृत्तात बसत नाही, ज-र रेषेमुळे त्याची उंची कमी पडत जाते. हे कमी पडणे म्हणजे ग्रीक ‘एलेइप्सिस’, ज्यावरून एलिप्स. अपास्तात ज हे टोक ड च्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या शाखेवर असते. ज-र रेषा ड ओलांडून पुढे वाढवली की चढत जाते, आयत उभ्या बाजूपेक्षा उंच होतो. हे ओलांडणे म्हणजे ‘हिपरबोली’. अन्वस्तात ज नाहीच, र मधून निघणारी रेषा अक्षाला समांतर जाते आणि आयत ना कमी ना जास्त, नेमका लागू पडतो. लागू करणे म्हणजे ‘पाराबोली’.

वक्रांची तिन्ही नावे ठरली ती या उभ्या बाजूच्या आयताशी तुलना करून. सूत्रात लिहायचे तर, व हा ड ते ज व्यास :

अन्वस्त : य² = प·क्ष
विवृत्त : य² = प·क्ष − (प/व)·क्ष²
अपास्त : य² = प·क्ष + (प/व)·क्ष²

ड ते ज या आडव्या व्यासाला लॅटिनमध्ये लाटुस ट्रान्सवेर्सुम, म्हणजे आडवी बाजू, असे नाव होते. उभी आणि आडवी अशी ती जोडी होती. आडवी नावातून गळाली, उभी एकटी राहिली, म्हणून ती विचित्र वाटते.

पायथा

अपास्तावर ताळा : क्ष²/९ − य²/१६ = १. अ = ३, ब = ४, नाभी केंद्रापासून ५ वर. प = ३२/३, व = ६. नाभी शिरोबिंदूपासून २ वर, म्हणून य² = ६४/३ + (३२/१८) × ४ = ६४/३ + ६४/९ = २५६/९. कोटी १६/३, दुप्पट ३२/३. जुळले.

वरच्या विवृत्ताची कृती करताना दोन चुका हमखास होतात. एक, उभी बाजू ड वर न काढता नाभीवर काढणे. मग ज-र रेषेचा उतारच चुकतो आणि सगळे बिंदू बिघडतात. दुसरी, प च्या जागी अर्धा नाभिलंब, म्हणजे ३.२ घेणे. मग मध्यावर आयत ५ × १.६ = ८ येतो, कोटी ४ ऐवजी सुमारे २.८३, आणि विवृत्त चेपलेले निघते. मधली कोटी ब एवढी आली का, एवढे आधी पाहिले तर पुढची मेहनत वाचते.

शब्दवेधी

व्याकरणाची बाजू मी मांडतो.

लाटुस हे नपुंसकलिंगी नाम, म्हणून विशेषणही नपुंसकलिंगी : रेक्टुस नव्हे, रेक्टुम. अनेकवचन लाटेरा रेक्टा. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘लॅटेरा रेक्टा’ दिसले तर तो वेगळा पारिभाषिक शब्द समजू नये.

लॅटिनमध्ये लाटुस सारखे दिसणारे तीन शब्द आहेत आणि जालावर त्यांची सर्रास सरमिसळ होते. ‘बाजू’ या अर्थाच्या शब्दात पहिला स्वर ऱ्हस्व आहे, लिप्यंतर काटेकोर करायचे तर ‘लतुस’. त्यावरून लॅटरल, इक्विलॅटरल, क्वाड्रिलॅटरल. दीर्घ स्वराचा लाटुस म्हणजे रुंद, त्यावरून लॅटिट्यूड. तिसरा, तोही दीर्घ, ‘वाहून नेलेला’ या अर्थाचा, त्यावरून ट्रान्सलेट. अक्षांशाचा आणि नाभिलंबाचा शब्दाच्या पातळीवर काही संबंध नाही.

रेक्टुम हे रेगेरे या धातूचे रूप. अर्थ सरळ नेणे, वळण लावणे. रेक्टँगल, करेक्ट, डायरेक्ट ही त्याच घरातली. नियतेचे डायरेक्ट्रिक्स हे नावही याच धातूचे. संस्कृतातला ‘ऋजु’ या धातूचा सख्खा नातलग, दोन्हींचे मूळ एकच.

शब्द ऐकून वर्गात खसखस पिकते ती शरीरशास्त्रातल्या रेक्टममुळे. ते ‘सरळ आतडे’ या लॅटिन शब्दजोडीचे उरलेले अर्धे रूप. तिथे सरळ, इथे उभी, विशेषण एकच.

मोजपट्टी

पॅरामीटर हा शब्दही इथलाच ना?

शब्दवेधी

हो. १७व्या शतकात शांकवांवर लिहिणारे फ्रेंच गणिती क्लोद मिदोर्ज यांनी उभ्या बाजूलाच पॅरामीटर म्हटले. वक्राचे माप ठरवणारी स्थिर राशी, एवढाच अर्थ. आजचा व्यापक अर्थ नंतर पसरला. ऑर्डिनेटही त्याच परंपरेतला : ‘क्रमाने काढलेल्या’ समांतर रेषा. ॲब्सिसा म्हणजे अक्षावरचा ‘कापून घेतलेला’ तुकडा, वरच्या कृतीतला डन.

अर्धज्या

प ची लांबी शंकूवरून कशी ठरते तेही सांगून टाकतो, कारण अपोलोनियसची सुरुवात तिथून होते. सरळ वर्तुळाकार शंकू घ्या, तो शिखरातून अक्षाच्या रेषेत उभा कापला की समद्विभुज त्रिकोण मिळतो. अन्वस्ताचे प्रतल या त्रिकोणाच्या एका तिरप्या बाजूला समांतर जाते आणि दुसऱ्या तिरप्या बाजूला छेदते, तो अन्वस्ताचा शिरोबिंदू. शंकूच्या शिखरापासून त्याचे अंतर द. मग

प = द × पायाचा वर्ग ÷ दोन तिरप्या बाजूंचा गुणाकार.

उभा छेद समभुज असेल तर प = द. शिखरापाशी काटकोन असेल तर प = २द. म्हणजे समभुज छेदाच्या शंकूवर शिखरापासून ४ सेंमीवर कापले की नाभिलंब ४ सेंमी आणि नाभी शिरोबिंदूपासून १ सेंमी आत. शंकू जितका पसरट, तितका त्याच द ला अन्वस्त अधिक उघडा.

अधोरेखा

चर्चा छान चालली आहे. उत्तरपत्रिकांत नाभिलंबाचे गुण कुठे जातात, तेही इथेच नोंदवते.

य² = १२·क्ष दिले की काही जण अ = १२ धरून लांबी ४८ लिहितात. ४अ = १२, म्हणून लांबी १२च. ३य² = १२·क्ष असेल तर आधी ३ ने भागा; य² = ४·क्ष, लांबी ४. य² = −८·क्ष ची लांबी ८ आहे, −८ नाही.

य = २क्ष² या रूपात तर फारच गोंधळ होतो. क्ष² = य/२, म्हणून नाभिलंब १/२. सहगुणक वाढला की अन्वस्ताचे तोंड अरुंद होते, याचे कारण हेच : नाभिलंब सहगुणकाच्या व्यस्त असतो.

विवृत्तात क्ष²/१६ + य²/२५ = १ आले की बृहदक्ष उभा. लांबी २ × १६ ÷ ५ = ६.४. इथे क्ष खालचा म्हणून १६ ला अ² मानून २ × २५ ÷ ४ = १२.५ काढणारे खूप. नाभिलंब लघु अक्षापेक्षा मोठा असूच शकत नाही, १२.५ दिसताक्षणी शंका यायला हवी. अपास्तात मात्र लहानमोठे बघायचे नाही. वजा चिन्हाच्या पदाखाली असते ते ब², मग ते कितीही मोठे असो.

शिरोबिंदू सरकवलेला असेल, उदाहरणार्थ (य − २)² = ८(क्ष + १), तर लांबी तीच ८, पण टोके सरकतात : शिरोबिंदू (−१, २), नाभी (१, २), टोके (१, ६) आणि (१, −२). इथे नाभीचा य निर्देशक २ विसरून (१, ४) आणि (१, −४) लिहिले जाते.

आणि आलेख काढताना या टोकांचा पुरेपूर वापर करा. अन्वस्तात टोकांपाशी स्पर्शिकेचा चढ १ आणि −१ असतो, म्हणजे ४५ अंश. य² = १२·क्ष मध्ये (३, ६) ला स्पर्शिका य = क्ष + ३, ती अक्षाला (−३, ०) वर, म्हणजे नियतेच्या पायथ्याशीच भेटते. विवृत्तात टोकांपाशी चढाचे मूल्य उत्केंद्रतेएवढे, म्हणजे केंद्र ते नाभी अंतर ÷ अ. ड-ज च्या उदाहरणात उत्केंद्रता ०.६, (३, ३.२) आणि (०, ५) जोडले की स्पर्शिका तयार. ती वाढवली तर बृहदक्षाच्या रेषेला केंद्रापासून २५/३ वर, पुन्हा नियतेवरच मिळते. शिरोबिंदू, दोन टोके आणि या स्पर्शिका एवढ्यावर वक्राचा पुढचा भाग हाताने काढला तरी फारसा चुकत नाही.

मोजपट्टी

नाभीतून जाणाऱ्या सगळ्या जीवांत नाभिलंब सर्वांत आखूड, असाही एक नियम आहे. पाठ केलेला बरा.

पायथा

मोजपट्टी, अन्वस्त आणि विवृत्ताला तो चालतो, अपास्ताला आंधळेपणाने लावू नका. वरच्याच अपास्तात नाभिलंब ३२/३, म्हणजे १०.६७ च्या आसपास. पण दोन्ही नाभींतून जाणारी आडवी रेषा वक्राला दोन शिरोबिंदूंत छेदते, ती जीवा फक्त ६. एकाच शाखेवर दोन्ही टोके असलेल्या जीवांपुरता नियम खरा.

कारणही सोपे आहे. नाभी जीवेचे दोन तुकडे करते, आणि एका शाखेवरच्या अशा प्रत्येक जीवेच्या दोन तुकड्यांचा हरात्मक मध्य अर्धा नाभिलंबच असतो. विवृत्तात बृहदक्षाचे तुकडे २ आणि ८ : २ × २ × ८ ÷ १० = ३.२. साधा मध्य हरात्मक मध्यापेक्षा कमी नसतो, म्हणून दोन्ही तुकडे समान असताना जीवा सर्वांत आखूड.

त्रिज्यांतर

म्हणूनच ग्रहकक्षांच्या गणितात अर्धा नाभिलंब वापरतात. नाभीपासूनचे अंतर = अर्धा नाभिलंब ÷ (१ + उत्केंद्रता × कोनाची कोज्या). कोन सर्वांत जवळच्या बिंदूपासून मोजायचा. वरच्या विवृत्तात ३.२ ÷ १.६ = २, ३.२ ÷ ०.४ = ८, आणि ९० अंशाला भाजक १, म्हणून नेमके ३.२. या एका सूत्रात तिन्ही शांकव बसतात, फक्त उत्केंद्रता बदलायची.

न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त पहिल्या भागातले १४वे प्रमेय नाभिलंबाबद्दलच आहे : एकाच केंद्राभोवती, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त बलाने फिरणाऱ्या वस्तूंच्या कक्षांचे नाभिलंब, त्या समान वेळात जे क्षेत्रफळ व्यापतात त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतात. तिथे न्यूटन लाटुस रेक्टुम हेच नाव वापरतो आणि कक्षेचे माप म्हणून वापरतो. जीवा म्हणून पाहिले तर या प्रमेयाचा संदर्भ लागत नाही.

तबकडीच्या अँटेनालाही आयताची जुनी रीतच सोपी पडते. रुंदी ६० सेंमी, मध्यभागी खोली ९ सेंमी. कोटी ३०, चौरस ९००, आयताची एक बाजू ९, तर दुसरी १००. हा नाभिलंब, त्याचा पाव म्हणजे २५ सेंमी, तळापासून एवढ्या उंचीवर नाभी. खोली मोजताना काठावर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्यापासून तळापर्यंत मोजा. खोली ९ च्या जागी ८ धरली गेली तर नाभी २८ सेंमीच्या पुढे जाते, म्हणून इथे अर्ध्या सेंमीचीही हयगय नको. आणि ही रीत समोरून सममित तबकडीचीच. नाभी एका बाजूला सरकवलेल्या तबकड्या अन्वस्ताच्या कडेचा तुकडा असतात, त्यांच्या तळाला शिरोबिंदू नसतो.

कोटिभुज

प्रश्न मिटला. वर्तुळाचे काय? तिथे दोन्ही नाभी केंद्रावर एकत्र येतात.

अर्धज्या

अ = ब = त्रिज्या, म्हणून २ब²/अ म्हणजे व्यास. उभी बाजू आणि आडवी बाजू सारख्या होतात आणि समीकरण उरते य² = व·क्ष − क्ष² = क्ष·(व − क्ष). कोटीचा चौरस म्हणजे व्यासाच्या दोन तुकड्यांचा आयत. अर्धवर्तुळातला काटकोन वापरून शाळेत सिद्ध करतो, ते भूमितीमध्याचे प्रमेय हेच.